पिल्लू अंगावर उड्या का मारतं?

जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागांमध्ये, शेतवस्त्यांवर राखणीला कुत्रं असतंच. त्याचं पिल्लू अंगावर झेपावलं की आपल्याला कौतुक वाटतं. पण वर्षभरात ते अंगानं भरतं आणि त्याच उडीनं म्हातारी माणसं, लेकरं पडतात.

या उडीमागं जुनी प्रेरणा आहे. लांडग्याची पिल्लं शिकारीहून परतलेल्या मोठ्यांचं तोंड चाटून अन्न मागतात. कुत्र्याच्या पिल्लांतही ती ओढ उरली आहे. माणसाचं तोंड उंचावर, म्हणून ती उडी मारतात.

सवय मात्र आपण लावतो. ज्या कृतीचं फळ मिळतं ती प्राणी पुन्हा करतो, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. आपलं ओरडणं, ढकलणंसुद्धा पिल्लाला खेळ वाटतं.

म्हणून उडी मारताच गप्प राहून पाठ फिरवा. चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच भाकरीचा तुकडा द्या, वाकून पाठीवर हात फिरवा. पुढं ‘बस’ शिकवा. पाहुणे आले की पट्टा लावा. सुरुवातीला उड्या वाढू शकतात, तरी ढळू नका. घरातल्या एकानंही मधूनच लाड केले तर सवय चिवट होते. कधीमधी मिळणारं बक्षीस प्राणी सहजी विसरत नाही. मारू तर अजिबात नका. भेदरलेलं कुत्रं चावतं.

पिल्लू तीन महिन्यांचं झालं की त्याला रेबीजची लस टोचून घ्या. नख लागून रक्त आलं तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.