अंगावर पाजताना: आशा सेविकेच्या गृहभेटीतील काम

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घडवलेल्या घरोघरच्या नवजात सेवेचा आधार ज्या शासकीय कार्यक्रमाला आहे, त्यानुसार रुग्णालयात प्रसूती झालेल्या बाळंतिणीकडे आशा सेविका ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. स्तनपानाच्या दृष्टीने यांतील पहिल्या दोन भेटी सर्वांत मोलाच्या ठरतात. कारण चीक, म्हणजे पहिल्या दिवसांतले घट्टसर, पिवळट दूध, मागे पडून भरपूर दूध उतरू लागते ते याच सुमारास, आणि ‘हिला दूध पुरत नाही’ असे घरात बोलले जाऊ लागते तेही याच सुमारास.

जाणती सेविका सल्ला देण्याआधी बाळाचे एक पाजणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहते. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि बोंडीभोवतीचा गडद भाग वरच्या ओठाच्या बाजूला अधिक दिसणारा असेल, तर पकड चांगली समजावी. नुसती बोंडी तोंडात असेल, तर गालांना खळगे पडतात, चुटचुट आवाज येतो, बोंडीला चिरा जातात आणि दूधही पुरेसे निघत नाही. अशा वेळी बाळाचे डोके मागून दाबण्याची सवय अनेकांना असते, परंतु त्यामुळे बाळ मान मागे टाकते. त्याऐवजी मान व खांद्यांना आधार देऊन बोंडी बाळाच्या ओठांना लावावी, ते आ करीपर्यंत थांबावे आणि मग बाळाला स्तनाकडे आणावे. वाकून स्तन बाळाकडे नेऊ नये. हे सारे आईच्याच हातांनी व्हावे, कारण सेविका निघून गेल्यावर, रात्री दोन वाजता, तिला ते एकटीलाच जमवायचे असते.

बाळ चोखते तेव्हा आईच्या शरीरात दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन आणि ते बाहेर सोडणारे, म्हणजेच पान्हा आणणारे, ऑक्सिटोसिन ही संप्रेरके स्रवतात. त्यांपैकी दुसरे वेदनेने व काळजीने अडखळते. म्हणून दुधाबद्दलची शंका बाळंतिणीसमोर पुन्हा पुन्हा बोलून दाखवणे हे निव्वळ बोलणे राहत नाही, तिच्या पान्ह्यावर त्याचा खरोखरच परिणाम होतो. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू तिने अवश्य खावेत, पण दूध वाढते ते बाळाने वारंवार, म्हणजे दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा, पिऊन स्तन रिकामा केल्याने. वरचे दूध दिले की बाळ तेवढे कमी चोखते आणि दूधही तेवढे कमी बनते. दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी आणि दोन आठवड्यांच्या आत जन्मवजन पुन्हा गाठणे, या खुणा अधिक भरवशाच्या आहेत. सासूबाईंनाही या खुणा समजावून लंगोट मोजण्याचे काम सोपवले, तर शंका घेणारेच माणूस बाळंतिणीच्या बाजूने उभे राहते. स्तन लाल, कडक होऊन ताप आला, तर पाजणे न थांबवता डॉक्टरांना दाखवावे. बाळ सुस्त होऊन पिईनासे झाले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.