ओल रंगाने जात नाही

छताला पिवळा डाग दिसला की बहुतेक घरांतून पहिला फोन रंगाऱ्याला जातो. खरे तर या कामात रंगाऱ्याची पाळी सर्वांत शेवटी यायला हवी. पाणी कुठून येते हे कळण्याआधीच पुट्टी, रंग आणि कधी डाग झाकायला पीओपीचे छत असा खर्च होतो, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर तोच खर्च पुन्हा उभा राहतो. मुंबई, ठाणे, पुण्याच्या सोसायट्यांमध्ये गळतीवर असा जाणारा पैसा पाहून वाईट वाटते, कारण त्यातला बराचसा वाचण्यासारखा असतो.

वॉटरप्रूफ रंग लावला की ओल थांबते, हा सगळ्यांत महागात पडणारा समज. असा रंग बाहेरच्या भिंतीला, म्हणजे पाऊस ज्या बाजूने आदळतो त्या बाजूला लावला तर उपयोगी आहे. खोलीच्या आतून लावला तर पाणी त्याच्या मागून येते आणि त्यालाच ढकलते. मग फुगे येतात, पोपडे सुटतात. पाण्याबरोबर विटांमधले आणि सिमेंटमधले क्षार भिंतीच्या पृष्ठभागाशी येतात आणि पाणी उडून गेले की त्यांचे स्फटिक होतात. भिंतीला लोणा लागतो तो हाच. हे स्फटिक वाढताना गिलावा भुसभुशीत करतात, त्यामुळे वरून कितीही चांगली पुट्टी भरली तरी ती धरत नाही. गळतीचे मूळ बंद झाल्यावरही गिलावा आतपर्यंत वाळायला कित्येक आठवडे लागतात. तेवढे थांबूनच रंगाला हात घालावा.

मूळ शोधायचे तर आणखी एक समज सोडावा लागतो: डाग जिथे, गळती त्याच्या बरोबर वर. पाणी स्लॅबमधून सरळ खाली येतेच असे नाही. ते भेगेच्या, सळईच्या, विजेच्या तारांच्या नळीच्या कडेने वाट काढते. त्यामुळे पंख्याच्या हुकातून ठिबकणारे पाणी शेजारच्या बाथरूमचे असू शकते. जुन्या पद्धतीच्या बाथरूमखाली स्लॅब खोलगट असतो आणि तो खोलगा विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. फरशीच्या सांध्यांतून झिरपलेले पाणी तिथे साठत राहते आणि बऱ्याच काळाने भलत्याच कोपऱ्यातून खाली उतरते.

म्हणून जागेपेक्षा वेळेवर लक्ष ठेवा. डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. मे महिन्यातही डाग वाढत असेल तर दोष पावसाचा नाही. दिवसरात्र, कुणी पाणी वापरत नसतानाही ओल तशीच राहत असेल तर नळाची दाबाखालची लाइन तपासा. आंघोळी, धुणी आटोपल्यावर ओल वाढत असेल तर संशय सांडपाण्याच्या बाजूवर जातो. त्यातही बाथरूमच्या जाळीखालचा नहाणी ट्रॅप जिथे स्लॅबला मिळतो तो सांधा आणि फरशीच्या फटी पहिल्यांदा पाहाव्यात. जोराच्या सरीनंतर काही तासांनी ठिबकत असेल तर गच्ची, बाहेरची भिंत किंवा खिडकीची चौकट.

फरशी उखडण्याआधी साधी चाचणी होते. नहाणी ट्रॅपचे तोंड घट्ट बंद करायचे, बाथरूममध्ये दोनेक इंच पाणी भरायचे, पातळीची खूण करायची आणि किमान 24 तास, शक्य तर 48 तास थांबायचे. पाण्यात रंग मिसळला आणि खाली तोच रंग उतरला तर वाद मिटतो. घरात दोन बाथरूम असतील तर एकेक वेगळ्या दिवशी तपासावे, नाहीतर दोष कुणाचा ते कळत नाही. नळाच्या लाइनसाठी रात्री सगळे नळ बंद करून मीटर बघावे. एक थेंब न वापरता काटा सरकत असेल तर पाणी भिंतीत किंवा जमिनीत जाते आहे. स्वतंत्र मीटर नसेल तर टाकी भरून, भरणारा नळ बंद करून पातळी पाहता येते.

थेंबभर पाण्याने काय होते, असेही म्हटले जाते. साधारण 20 थेंबांचा एक मिलिलीटर होतो. सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाला चार लिटरांहून अधिक आणि वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक पाणी होते. ते मोरीत गेले तर फक्त वाया गेले. स्लॅबमध्ये मुरले तर गोष्ट वेगळी होते. चांगले काँक्रीट अल्कधर्मी असते, त्याचा पीएच 12 ते 13 च्या आसपास असतो, आणि त्यामुळे सळईवर एक संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड ओलाव्याच्या साथीने हळूहळू आत शिरतो, पीएच 9 च्या जवळ येतो आणि सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापट जागा व्यापतो. ती जागा तो काँक्रीट फोडूनच मिळवतो. समुद्रकाठच्या शहरांत हवेतल्या क्षारांमुळे हे आणखी लवकर घडते.

खर्च इथेच पालटतो. नळाच्या वॉशरला काही रुपये पडतात, फरशीचे सांधे इपॉक्सीने भरणे हे एका दिवसाचे काम. पण सळई गंजली की टेकू लावून काँक्रीट फोडणे, सळई घासून तिला लेप देणे, लागल्यास नवी सळई जोडणे, पॉलिमर मॉर्टर भरणे, हे सगळे येते. छतातून काँक्रीटचा तुकडा सुटून माणसाच्या अंगावर पडू शकतो. ओल स्विचबोर्डपर्यंत पोचली असेल तर त्या खोलीची वीज बंद करून आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. वीज गळताच पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी घरात नसेल तर त्याच वेळी बसवून घ्या.

पैसे कुणी भरायचे यावर तर शेजाऱ्यांचे बोलणे तुटते. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये हे स्पष्ट आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइपलाइन आणि पावसाच्या पाण्याची गळती संस्थेच्या खर्चाने दुरुस्त व्हायला हवी. गच्चीतून गळून सर्वांत वरच्या मजल्याचे छत खराब झाले तर तो गिलावाही संस्थेकडेच येतो. तेव्हा ‘वरच्या मजल्यावर घर घेतले, आता भोगा’ हे बोलणे नियमात बसत नाही. संडास, सिंक यांतून होणारी आतली गळती मात्र संबंधित सदनिकाधारकाने स्वतःच्या खर्चाने थांबवायची. वरचे काका दार उघडत नाहीत, दाद देत नाहीत, तर संस्थेला लेखी कळवा. तरीही प्रश्न सुटला नाही तर गळतीचे वाद सहकार न्यायालयात नेता येतात.

संस्थेकडे पैसाच नाही, हे उत्तर वारंवार मिळते. दुरुस्ती निधीसाठी जमिनीची किंमत वगळून सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के रक्कम दरवर्षी घ्यावी, असे उपविधी सांगतात. बांधकाम खर्च 20 लाख धरला तर वर्षाला 15,000 रुपये होतात. हा आकडा सभेत नकोसा वाटतो, पण गच्चीवर किती पाणी पडते तेही पाहा. मुंबईच्या पावसाळ्यात सरासरी 2,200 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. 1,000 चौरस फुटांच्या गच्चीवर त्याचे दोन लाख लिटर पाणी होते. ते वाहून नेणारा उतार आणि पन्हळी साफ ठेवणे यात निधीतला फार थोडा पैसा लागतो. डिश अँटेना किंवा सोलर हीटर बसवताना गच्चीच्या कोब्यात भोके पाडू देऊ नयेत. वॉटरप्रूफिंग तिथेच फुटते.

विम्याबद्दल दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. घराचा विमा फक्त आगीसाठी असतो, हे खरे नाही. 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत वादळ, पूर आणि टाक्या-पाइप फुटून किंवा भरून वाहून होणारे नुकसान येते. पण महिनोन्महिने झिरपून आलेली ओल त्या यादीत नाही. शिवाय विम्याची रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, बाजारभावावर नाही, त्यामुळे हप्ता लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी असतो.

राहिला नव्या इमारतीचा प्रश्न. ‘बिल्डरची जबाबदारी वर्षभरच असते’ असे ताबा देताना सांगितले जाते आणि लोक ते मानतात. 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 14(3) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात, कारागिरीत किंवा दर्जात दोष आढळला तर विकासकाने तो जादा पैसे न घेता 30 दिवसांत दुरुस्त करायचा असतो. तसे झाले नाही तर भरपाई मागता येते. तुमच्या ताब्याच्या पत्रावरची तारीख आजच पाहून ठेवा. पाच वर्षे व्हायची असतील आणि भिंतीला ओल असेल, तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी फोटो काढा आणि विकासकाला लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्या.