'फायनल' या शब्दाचा अर्थ व उपयोग

'फायनल' हा इंग्रजी शब्द आपल्या बोलीत पुरता रुळला आहे. बाजारात भाव 'फायनल' होतो, घरात सोयरीक 'फायनल' होते. मुले हा शब्द घरूनच घेऊन येतात. त्याचा नेमका अर्थ मात्र शिक्षकाने समजावून द्यावा लागतो.

या शब्दाचे मूळ लॅटिन 'फिनिस' हे होय. त्याचा अर्थ सीमा, शेवट. शहागडच्या मुलांना गोदावरी दाखवून हा अर्थ सांगावा: येथे जालना जिल्हा संपतो व पैलतीरी बीड जिल्हा सुरू होतो.

'लास्ट' व 'फायनल' यांतील भेदही स्पष्ट करावा. 'लास्ट' हा शब्द क्रम दाखवितो; रात्रीची शेवटची एस. टी. ही 'लास्ट बस', उद्या ती पुन्हा सुटेल. 'फायनल' म्हणजे ज्यात पुढे बदल नाही ते. जसे, कबड्डीतील पंचांचा निर्णय. मराठी लिहिताना निर्णय व सामना 'अंतिम', परीक्षा 'वार्षिक' आणि भाव 'पक्का' असे प्रसंगानुरूप शब्द योजावेत. इंग्रजीत 'फायनल' हे विशेषण व नाम आहे. क्रियापद 'फायनलाइझ' असे होते. 'फायनली' म्हणजे 'शेवटी' किंवा 'एकदाचे'.

पूर्वी मुंबई प्रांतात मराठी सातवीच्या परीक्षेस 'व्हर्नाक्युलर फायनल' म्हणत. ती प्राथमिक शाळेची अखेर होती. तथापि ती उत्तीर्ण झालेले कित्येक जण पुढे स्वतःच शिक्षक झाले. एका टप्प्याची सीमा ही दुसऱ्याचा आरंभ ठरली.

आजचा कायदाही हेच सांगतो. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ अन्वये प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलास शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पाचवी वा आठवीच्या वार्षिक परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलास जादा अध्यापन व निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी द्यावयाची असते.

म्हणून प्रगतिपत्रक हाती देताना हा शब्द जपून वापरावा. ऊसतोडीस निघालेला पालक 'याची शाळा आता फायनल झाली' असे म्हणाला, तर त्यास या तरतुदी समजावून सांगाव्यात. भाव एकदा ठरला म्हणजे ठरला; मुलाच्या शिक्षणास तो न्याय लावता येत नाही.