दोरीने आवळलेले घर

आमचा मामा १९८५ साली मस्कतहून पहिल्यांदा सुट्टीवर आला, तेव्हा त्याला आणायला घरची सात माणसे सहार विमानतळावर गेली होती. मामा दिसण्याआधी दिसली ती त्याची ट्रॉली. नायलॉनच्या दोरीने आवळलेली दोन खोकी, चादरीत बांधलेले गाठोडे आणि सगळ्यांवर एक जाडजूड ब्लँकेट. खोक्यांवर ठळक इंग्रजी अक्षरांत त्याचे नाव आणि 'रत्नागिरी'. त्या ढिगामागून मामा बाहेर आला, तेव्हा आजी एवढेच म्हणाली, "किती वाळलास रे!"

हे सारे मी विसरून गेलो होतो. परवा चित्रांच्या एका पुस्तकात सुबोध गुप्ता यांचे चित्र पाहिले आणि तो ढीग जसाच्या तसा डोळ्यांपुढे आला.

गुप्तांचे नाव जगभर झाले ते स्टीलच्या भांड्यांपासून केलेल्या अवाढव्य शिल्पांमुळे. २००६ साली त्यांनी भांडी रचून माणसाची कवटी केली, २००८ साली भांड्यांचाच अणुस्फोटाचा ढग. पण मुळात त्यांचे शिक्षण चित्रकाराचे. १९६४ साली पाटण्याजवळच्या खगौल या रेल्वेच्या गावात, रेल्वेत नोकरी करणाऱ्याच्या घरी जन्म, पाटण्याच्या कला महाविद्यालयात शिक्षण, मग दिल्ली. या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी 'सात समुंदर पार' ही तैलचित्रांची मालिका केली. विषय काय, तर विमानतळावरच्या ट्रॉल्या आणि त्यांवरची गाठोडी. आखातात राबून घरी परतणाऱ्या माणसांचे हे सामान.

शाळेत इंटरमिजिएटच्या परीक्षेला आपल्यापैकी अनेकांनी स्थिरचित्र काढले असेल. तांब्या, दोन कांदे, एक वांगे, मागे पडदा. मांडणी सरांनी केलेली. या चित्रांतली मांडणी मात्र चित्रकाराच्या आधी कुणीतरी गरजेपोटी करून ठेवलेली आहे. दोरी किती वेढे फिरवली, गाठ कुठे मारली, यावरून बांधणाऱ्याची धास्ती कळते.

गुप्तांनी स्टीलची चकचकीत भांडीही रंगवली. हे काम दिसते तितके सोपे नाही. स्टीलला स्वतःचा असा रंग कुठे असतो? शेजारचा डबा, खिडकीतला उजेड, समोरची भिंत, सारे त्यात उमटते. डबा रंगवायचा, तर त्याच्या भोवतीचे घर रंगवावे लागते. पुढे त्यांनी जेवून उठल्यावरच्या उष्ट्या ताटल्याही रंगवल्या. खाणारा केव्हाच उठून गेलेला असतो. पण तो होता, याची खूण ताटलीत राहते.

पुस्तक घेऊन मी मामाकडे गेलो. तो आता ऐंशीच्या घरात आहे. त्याने चष्मा लावला, रंगांकडे फारसे पाहिलेच नाही. बोट थेट दोरीवर ठेवले.

"ही गाठ घाईत मारलेली नाही," तो म्हणाला.

मग कधी नव्हे ते बोलू लागला. एका खोलीत आठ जण राहायचे. निघण्याआधी तीन रात्री बांधाबांध चालायची. वजन जास्त भरेल या भीतीने बांधलेली खोकी पुन्हा सोडायची, पुन्हा आवळायची. आजीने जाताना दिलेला, त्याचे नाव घातलेला स्टीलचा डबा त्यातच असायचा. मेतकूट भरून गेलेला, खजूर भरून आलेला.

"आणि ते ब्लँकेट?" मी विचारले.

"ते आईसाठी होतं. मी दोन वर्षं चादरीवर काढली."

त्या दोन वर्षांत आम्ही भाचे मंडळी त्याला पत्रातून याद्या पाठवत होतो. टेपरेकॉर्डर, घड्याळ, सेंट. त्याच्या प्रत्येक पत्रात 'मी मजेत आहे' असे असायचे आणि आम्हाला ते खरे वाटायचे. त्या ट्रॉलीवर आमची यादी होती, ती आणणारा माणूस आम्ही नीट पाहिलाच नव्हता. पाहिला तो फक्त आजीने.

घरी आल्यावर खोकी उघडायला मी घाईघाईने सुरी आणली होती. आजीने ती काढून घेतली. दोरी कापू दिली नाही. एकेक गाठ नखांनी सोडवत ती अर्धा तास बसली. ती निळी दोरी पुढे कितीतरी वर्षे आमच्या परसात कपडे वाळत घालायला होती.