फियाटचं खरं साल

२९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत प्रीमियर पद्मिनीची एक काळी-पिवळी टॅक्सी नोंदवली गेली. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदली गेलेली ही शेवटची पद्मिनी. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. पण कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी बनणं या नोंदणीच्या आधीच थांबलं होतं. म्हणजे आरसी बुकात साल २००३, आणि पत्रा मात्र त्याहून जुना.

आपल्या घरातल्या कितीतरी आजोबांचा जन्म शाळेच्या दाखल्यावर एक जूनचा असतो. मास्तरांनी दाखल करून घेताना लिहिलेली ती तारीख. खरा जन्म कुठल्या पावसात, कुठल्या साथीत झाला, ते घरच्या म्हाताऱ्या बाईला विचारावं लागतं. जुन्या गाडीचंही तसंच आहे. आरसी बुक हा तिचा दाखला. खरं साल विचारायचं ते पत्र्याला, काचेला, वायरींना.

या प्रश्नाला आता कायद्याचंही वजन आलं आहे. केंद्र सरकारच्या जुलै २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. इंग्लंडमधल्या जुन्या गाड्यांच्या जगात ‘व्हिंटेज’ म्हणजे १९१९ ते १९३० या काळातली गाडी, आणि त्या हिशेबात आपली फियाट कुठेच बसत नाही. आपल्याकडे मात्र सत्तरीच्या दशकातल्या फियाटही या दाराशी येऊन उभ्या राहिल्या आहेत. एका सालाच्या फरकाने गाडी आत जाते किंवा बाहेर राहते, म्हणून ते साल नीट वाचता आलं पाहिजे.

वाचायचं तर आधी घराणं माहीत हवं. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. १९४७मध्ये कुर्ल्यात क्रायस्लर घराण्याच्या डॉज, डिसोटो, प्लिमथ जोडल्या जाऊ लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. इटलीत १९५३ साली आलेली ११००-१०३ पुढच्याच वर्षी मुंबईत उतरली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, गोलसर पाठ. मुंबईकरांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटलं, आणि ते नाव कंपनीच्या कुठल्याही नावापेक्षा जास्त टिकलं. त्यानंतर एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट आल्या आणि १९६४ साली चौकोनी अंगाची ११०० डिलाइट आली. सत्तरीच्या सुरुवातीला डिलाइटची ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४पासून ‘पद्मिनी’. नावं बदलली, पण १९६४चा तो आकार जवळपास तसाच शतकाच्या अखेरपर्यंत चालत राहिला.

अडचण नेमकी इथेच आहे. साडेतीन दशकं एकाच आकाराची गाडी बनत राहिली, तर एकीचा दरवाजा दुसरीला बसतो आणि एकीचं बॉनेट तिसरीला. कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा चोर बाजारात फियाटचा हवा तो भाग मिळायचा, आणि मिस्त्री तो बसवूनही द्यायचा. गाडी चालती ठेवण्याची ती चांगली सोय होती. साल शोधणाऱ्याला मात्र त्यामुळे प्रत्येक भागाकडे स्वतंत्र साक्षीदार म्हणून पाहावं लागतं.

पहिली साक्ष नंबर प्लेटची. मुंबईत नोंदलेल्या गाडीचा नंबर ‘बी’ने सुरू होत असेल, तर तो जुन्या मुंबई राज्याचा, म्हणजे १ मे १९६०च्या आधीचा. महाराष्ट्र झाल्यावर ‘एम’ची अक्षरं आली. १ जुलै १९८९पासून ‘एमएच-०१’ची आजची पद्धत सुरू झाली. पण प्लेट फक्त नोंदणीचं बोलते. जुनी गाडी परराज्यातून आली असेल, तर नवी अक्षरं घेऊन फिरते. त्यात गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसण्याचा तो काळ. त्यामुळे ‘आमची गाडी अमुक सालची’ असं घरात म्हणतात, तेव्हा ते साल बुकिंगचं की गाडी दारात आली तेव्हाचं, हेही विचारावं लागतं.

दुसरी साक्ष चासी नंबरची. आजच्या गाडीच्या सतरा अक्षरी नंबरात सालाची खूण दडवता येते. अमेरिकेने १९८१ साली दहावं अक्षर त्यासाठीच राखलं. साठच्या दशकातल्या डिलाइटच्या नंबरात अशी उघड खूण नाही. तो आपल्या मालिकेतला एक क्रमांक आहे, आणि खात्रीच्या कागदांच्या इतर गाड्यांचे क्रमांक शेजारी मांडले की त्याचं साल समजू लागतं. म्हणून नंबरवर कागद धरून पेन्सिल घासून घेतलेली छाप मोलाची. नंबराभोवतीचा पत्राही नीट पाहायचा. या फियाटला वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा. नंबर असलेला पत्र्याचा तुकडा कापून दुसऱ्या बॉडीत जोडला असेल, तर वेल्डिंगची रेघ कुठेतरी हाताला लागतेच.

तिसरी साक्ष अंगाची. सुरुवातीच्या ११००चे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, बिजागरी मागच्या बाजूला. डिलाइटला बिजागरी पुढे. हा फरक गिऱ्हाइकाच्या मर्जीने करता येत नाही, कारण दरवाज्याचा खांबच वेगळा असतो. नावाचा बिल्ला दोन स्क्रूंनी बदलतो, ग्रिल तासाभरात बदलते. म्हणून सालाचा विचार खांबापासून सुरू करावा, बिल्ल्यापासून नाही.

चौथी साक्ष छोट्या भागांची. गाडी १९५६ची म्हणून दाखवली आणि डायनमोवर लुकास-टीव्हीएसचं नाव असलं, तर तो डायनमो नंतरचा, कारण ती कंपनीच १९६१ साली सुरू झाली. डायनमोच्या जागी अल्टरनेटर असेल, तर तोही पुढच्या काळाचा. याने गाडी खोटी ठरत नाही. तिच्या आयुष्यातला एक दिवस कळतो, एवढंच.

शेवटची साक्ष रंगाची आणि भोकांची. डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला, डिकीच्या कोपऱ्यात, जिथे पेंटरचा हात पोहोचत नाही तिथे हलकेच खरवडावं. पांढऱ्याखाली पिवळा निघाला, त्याच्या जवळ काळा निघाला, तर ही घरगुती गाडी कधीकाळी टॅक्सी होती. मुंबईच्या टॅक्सीचा लोखंडी मीटर बाहेर, पुढच्या डाव्या अंगाला असायचा. त्याची बुजवलेली भोकं आतून हात फिरवला की सापडतात.

या सगळ्या साक्षी एकत्र ठेवल्या की क्वचितच एकच साल निघतं. बॉडी १९६६ची, इंजिन नंतर बदललेलं, दरवाजा एका पद्मिनीचा, नोंदणी दुसऱ्या राज्यात पुन्हा झालेली. अशा गाडीला विकताना ‘संपूर्ण मूळ’ म्हणणं ही फसवणूक आहे. जुनी दिसावी म्हणून डिलाइटवर आधीच्या गाडीचे बिल्ले चढवणं, ही तर त्या गाडीची बेअदबी. माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक जुन्या फियाटसोबत एक वही असावी. एका बाजूला भाग, दुसऱ्या बाजूला त्याचं साल, आणि ते कशावरून ठरवलं याची एक ओळ. पहिल्या पानावर चासी नंबरची पेन्सिल छाप. ज्या भागाचं साल ठरत नाही, त्याची जागा कोरी ठेवावी.

कुर्ल्यातून गाड्या निघायच्या बंद झाल्या आहेत. त्या कुणी, कुठल्या पाळीत जोडल्या हे सांगणारे हातही दरवर्षी कमी होत आहेत. आजोबांची खरी जन्मवेळ सांगणारी घरची म्हातारी गेली, की मागे फक्त दाखल्यावरचा एक जून उरतो. त्याआधी वही भरायला घेतली पाहिजे.