नाताळच्या गृहरोषणाईसाठी जाळ्याच्या स्विचची निवड

नाताळचे झाड विजेच्या दिव्यांनी सजविण्याची प्रथा अमेरिकेत १८८२ साली सुरू झाली. थॉमस एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी त्या वर्षी न्यूयॉर्कमधील आपल्या घरी तांबड्या, पांढऱ्या व निळ्या रंगांचे ८० दिवे एका झाडावर लावले. त्यानंतरच्या शतकात दिवे झाडावरून छपरावर, कुंपणावर व अंगणात आले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी संगीताच्या तालावर संगणकाने दिवे उजळविण्याचा छंद तेथे रुजला. ओहायो राज्यातील मेसन येथील एका घराच्या सुमारे १६,००० दिव्यांच्या रोषणाईचे चित्रण २००५ साली दूरवर पाहिले गेले आणि या छंदाला मोठीच चालना मिळाली. त्या रोषणाईत दिव्यांचे गट करून ते ८८ वाहिन्यांवर चालविले होते. आजचा हौशी रचनाकार गटावर संतुष्ट नसतो. प्रत्येक दिव्याचा रंग त्यास स्वतंत्रपणे बदलावयाचा असतो. परिणामी वाहिन्यांची संख्या शेकड्यांतून दहा-दहा हजारांत गेली आणि अंगणात एक छोटेसे संगणक-जाळेच उभे राहिले.

या जाळ्याच्या मध्यभागी जे उपकरण असते त्यास स्विच म्हणतात. भिंतीवरील विजेच्या कळेशी त्याचा काही संबंध नाही. एका पोर्टावर आलेले माहितीचे पॅकेट ज्या पत्त्यासाठी असेल, त्या पत्त्याचे उपकरण ज्या पोर्टास जोडलेले असेल तेथेच ते पाठवावे, हे त्याचे कार्य होय. कोणते उपकरण कोठे आहे हे तो येणाऱ्या पॅकेटांवरील प्रेषकाच्या पत्त्यावरून आपोआप शिकतो. हा गुणधर्म केव्हा उपयोगी पडतो व केव्हा निष्फळ ठरतो, हे समजले म्हणजे निवडीचा बहुतेक प्रश्न सुटतो.

प्रथम भाराचे गणित करावे. रंगमंचावरील दिव्यांसाठी १९८६ साली डीएमएक्स५१२ ही पद्धती ठरविण्यात आली. तीत ५१२ वाहिन्यांच्या संचास युनिव्हर्स म्हणतात. रंगीत दिव्यास तांबडा, हिरवा व निळा अशा तीन वाहिन्या लागतात; म्हणून एका युनिव्हर्समध्ये १७० दिवे बसतात. ही माहिती इथरनेटवरून नेण्यासाठी ई१.३१ हे मानक २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यातील पूर्ण युनिव्हर्सच्या एका पॅकेटात ६३८ बाइट असतात. इथरनेटची सर्व वेष्टने व दोन पॅकेटांमधील सक्तीचे अंतर धरून तारेवर ७०४ बाइटांची जागा व्यापली जाते. सेकंदास ४० चित्रे दाखवावयाची असल्यास एका युनिव्हर्ससाठी सेकंदास सुमारे २,२५,००० बिट लागतात.

उदाहरणार्थ, एका रोषणाईत ८ नियंत्रक असून प्रत्येकावर २,०४० दिवे आहेत असे समजू. प्रत्येक नियंत्रकास १२ युनिव्हर्स लागतील. एकूण ९६ युनिव्हर्स व १६,३२० दिवे होतील. सर्व मिळून भार सेकंदास सुमारे २१.६ मेगाबिट येतो. म्हणजे १०० मेगाबिटच्या तारेचा चौथा हिस्साही त्याने भरत नाही. ‘एवढे दिवे, तेव्हा अतिशय वेगवान व महाग स्विच हवा’ हा समज या गणितापुढे टिकत नाही. अडचण असलीच तर ती एकूण भारात नसून तो भार कोणाच्या वाट्यास येतो यात आहे.

ई१.३१ मध्ये पॅकेटे पाठविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग युनिकास्ट, म्हणजे एकलक्ष्यी प्रेषण. यात प्रत्येक पॅकेटावर विशिष्ट नियंत्रकाचा पत्ता असतो व स्विच ते त्यालाच देतो. वरील उदाहरणात प्रत्येक नियंत्रकास केवळ २.७ मेगाबिट भार पोचतो. दुसरा मार्ग मल्टिकास्ट, म्हणजे गटलक्ष्यी प्रेषण. यात युनिव्हर्सच्या क्रमांकावरून ठरणाऱ्या २३९.२५५ ने आरंभ होणाऱ्या गटपत्त्यावर पॅकेट पाठविले जाते आणि ज्यास हवे त्याने ते घ्यावे अशी अपेक्षा असते. यात प्रत्येक नियंत्रकाचा पत्ता संगणकास सांगावा लागत नाही, ही सोय खरी. परंतु साध्या स्विचला गटपत्ता कोणाचा हे कळत नाही. तो असे पॅकेट सर्व पोर्टांवर लोटून देतो. मग स्वतःच्या १२ युनिव्हर्सबरोबर प्रत्येक नियंत्रकावर इतरांची ८४ युनिव्हर्सही येऊन आदळतात. जुन्या नियंत्रकांपैकी काहींचा पोर्ट १० मेगाबिटचाच असतो, तेथे २१.६ मेगाबिटचा प्रवाह मावणे अशक्य, आणि दिवे अडखळत चालतात. एकलक्ष्यी मार्गाने त्याच नियंत्रकाचे काम सहज भागते.

यावर उपाय म्हणून काही स्विचांत आयजीएमपी स्नूपिंग नावाची सोय असते. नियंत्रक ‘अमुक गट मला हवा’ असा जो संदेश पाठवितो तो स्विच वाचतो व त्या गटाची पॅकेटे त्याच पोर्टास देतो. ही सोय असलेला स्विच आणला म्हणजे काम झाले असे पुष्कळांस वाटते; पण त्यात एक मेख आहे. ही नोंद कायमची नसते. कोणीतरी ठराविक काळाने ‘कोणाला कोणता गट हवा?’ असे विचारीत राहावे लागते. हे काम करणाऱ्या उपकरणास क्वेरिअर म्हणतात. रूढ मूल्यांप्रमाणे हा प्रश्न दर १२५ सेकंदांनी विचारला जातो आणि उत्तर न मिळाल्यास २६० सेकंदांनी नोंद पुसली जाते. जाळ्यात क्वेरिअर नसेल, तर आरंभी सर्व काही सुरळीत चालते, सव्वाचार-साडेचार मिनिटांनी नोंदी पुसल्या जातात, आणि नोंद नसलेली पॅकेटे टाकून देण्याची ज्या स्विचची रीत आहे तेथे प्रवाह थांबतो. ई१.३१ प्रमाणे २.५ सेकंद माहिती न मिळाल्यास स्रोत नाहीसा झाला असे नियंत्रकाने समजावयाचे असते. दोन मिनिटांच्या चाचणीत हा दोष कधीच दिसत नाही. तो दिसतो तो रस्त्यावर प्रेक्षक जमल्यावर, दुसऱ्या गीताच्या मध्यावर. म्हणून मल्टिकास्ट वापरावयाचे असल्यास स्विचमध्ये स्नूपिंग आहे की नाही एवढे पाहून थांबू नये. क्वेरिअरचे कार्यही तो करू शकतो की नाही हे पाहावे, आणि चाचणी किमान दहा मिनिटे चालू ठेवावी.

दुसरा विचार स्मृतीचा. संगणक एका चित्राची सर्व पॅकेटे प्रायः एका दमात सोडतो. संगणकाची तार १,००० मेगाबिटची व नियंत्रकाची १०० मेगाबिटची असल्यास ९६ पॅकेटे अर्ध्या मिलिसेकंदाहून किंचित अधिक वेळात आत येतात. बाहेर पडण्यास मात्र त्यांना सुमारे ५.४ मिलिसेकंद लागतात. मधल्या काळात सुमारे ६० किलोबाइट माहिती स्विचला साठवून ठेवावी लागते, आणि मल्टिकास्टमध्ये ती आठही पोर्टांसाठी. लहान स्विचची साठवण-स्मृती मर्यादित असल्याने सरासरी भार अल्प असूनही पॅकेटे गळू शकतात. एकलक्ष्यी प्रेषणात एका नियंत्रकाची १२ पॅकेटेच एका वेळी रांगेत उभी राहतात, म्हणजे जेमतेम ८ किलोबाइट. डीडीपी ही एकलक्ष्यी पद्धती याहून काटकसरी आहे. तिच्या एका पॅकेटात ४८० दिव्यांची माहिती जाते; १२ पॅकेटांचे काम ५ पॅकेटांत होते.

स्विचचा वेग वाढवून जी त्रुटी दूर होणार नाही तीही ओळखली पाहिजे. डब्ल्यूएस२८११ जातीच्या दिव्याला आपला रंग कळण्यास ३० मायक्रोसेकंद लागतात. सेकंदास ४० चित्रांच्या हिशेबाने एका माळेत फार तर ८३३ दिवे चालतील. माळ त्याहून लांब असेल, तर दोष जाळ्याचा नव्हे.

आता स्थळ व हवामान यांचा विचार. तांब्याच्या तारेची मर्यादा १०० मीटर आहे. त्यापलीकडे मध्ये दुसरा स्विच किंवा काचतंतू घ्यावा. काचतंतू वीज वाहत नसल्याने घर व अंगणातील दूरचा खांब यांमध्ये तो घातल्यास विजेच्या धक्क्यापासून घरातील उपकरणे अलग राहतात. घरगुती स्विच बहुधा ० ते ४० अंश सेल्सिअस तापमानासाठी बनविलेले असतात. उत्तर अमेरिकेच्या डिसेंबरात बंद पेटीतही तापमान शून्याखाली जाते. म्हणून शक्य तो स्विच घरातच ठेवावा, अन्यथा औद्योगिक प्रतीचा घ्यावा. आपल्याकडे गणेशोत्सव भाद्रपदात, पावसाच्या दिवसांत येतो. तेथे थंडीचा नव्हे तर ओलाव्याचा प्रश्न असतो. पेटीच्या तळाशी पाणी निथळण्यास वाट ठेवणे अगत्याचे ठरते.

बिनतारी मार्गाने मल्टिकास्ट पाठविणे टाळावे. तेथे अशी पॅकेटे सर्वांत मंद वेगांपैकी एकाने जातात व पोचल्याची पावती मागितली जात नाही. हरवलेले पॅकेट हरवलेलेच राहते. तसेच तार चुकून दोन्ही टोकांनी त्याच स्विचला जोडली गेली, तर पॅकेटे वर्तुळात फिरून सारे जाळे ठप्प होते. अशी वर्तुळे ओळखून तोडण्याची सोय व्यवस्थापनक्षम स्विचांत असते. परंतु तिच्या जुन्या प्रकारात पोर्ट जोडल्यापासून चालू होण्यास ३० सेकंद लागतात, हे ध्यानात ठेवून सायंकाळचा आरंभ आखावा.

सारांश असा की निवड यंत्रापासून नव्हे, प्रेषणाच्या मार्गापासून सुरू करावी. एकलक्ष्यी प्रेषण स्वीकारल्यास १,००० मेगाबिटचा साधा, अव्यवस्थापित स्विच बहुतेक हौशी रोषणाईंना पुरतो, आणि वाचलेले द्रव्य चांगल्या तारेवर व जलरोधक पेटीवर खर्च करता येते. मल्टिकास्टच हवे असल्यास स्नूपिंग व क्वेरिअर या दोन्ही सोयी असलेला स्विच घ्यावा. त्यांपैकी एकच असून चालत नाही. पोर्ट मात्र आजच्या गरजेहून दोन-तीन अधिक असावेत, कारण या छंदात दिवे दरवर्षी वाढतात, कमी होत नाहीत.