रूळ आधी, गाड्या नंतर : जयनगर–बोम्मसंद्र मेट्रोने मांडलेले गणित

बंगळुरू : दक्षिण बंगळुरूतील जयनगर परिसरातून होसूर रस्त्याच्या दिशेने निघणारी नम्मा मेट्रोची पिवळी मार्गिका १० ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते सुरू झाली. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र अशी १९.१५ किलोमीटर लांबी, १६ स्थानके आणि सुमारे ७ हजार १६० कोटी रुपये खर्च असलेल्या या मार्गिकेवर प्रारंभी अवघ्या तीन गाड्या धावत होत्या. परिणामी, एक गाडी चुकली की दुसरीसाठी २५ मिनिटे थांबावे लागत होते. वाढत्या शहराला जलद वाहतुकीचा कोणता पर्याय हवा, हा प्रश्न देशातील अनेक महानगरांपुढे आहे. मार्ग बांधणे आणि सेवा देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या मार्गिकेच्या अनुभवातून स्पष्ट होते.

मार्ग कसा वाढला?

जयनगर ही १९४८ मध्ये पायाभरणी झालेली नियोजित वसाहत. ‘ब्लॉक’मध्ये विभागलेली रचना, रुंद रस्ते आणि चौथ्या ब्लॉकमधील बाजारपेठ यांमुळे ती शहराच्या दक्षिण भागाचे केंद्र ठरली. याच सुमारास शहराची दक्षिण सीमा मानली जाणारी ही वस्ती पुढे मध्यवर्ती भागात गणली जाऊ लागली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कर्नाटक राज्य इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाने होसूर रस्त्यालगत तीनशेहून अधिक एकरांवर इलेक्ट्रॉनिक सिटी उभारण्यास सुरुवात केली. त्यापलीकडे बोम्मसंद्र आणि जिगणी या औद्योगिक वसाहती वाढल्या, तर वाटेवरील बोम्मनहळ्ळी परिसरात तयार कपड्यांचे कारखाने उभे राहिले. त्यामुळे या रस्त्यावरचा प्रवासी केवळ संगणक अभियंता नाही. यंत्रावर काम करणारा कामगार, शिलाई विभागातील महिला आणि जयदेव हृदयरोग संस्थेत उपचारांसाठी येणारा रुग्णही त्याच गर्दीचा भाग आहे.

या गर्दीवर पहिला मोठा उपाय रस्त्याच्याच रूपाने झाला. सिल्क बोर्ड चौकाजवळून इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जाणारा सुमारे दहा किलोमीटरचा उन्नत पथकर मार्ग जानेवारी २०१० मध्ये खुला झाला. दूरच्या वाहनांना त्याचा लाभ झाला, मात्र त्याच्या एका टोकाला असलेला सिल्क बोर्ड चौक वाहतूक कोंडीसाठी देशभर परिचित झाला. कोंडी संपली नाही, तिची जागा बदलली.

पर्याय कोणते होते?

अशा मार्गासाठी साधारणतः तीन पर्यायांचा विचार होतो. पहिला, बससाठी राखीव मार्गिका. तिचा खर्च सर्वांत कमी असून ती काही महिन्यांत अमलात आणता येते. बंगळुरूने ऑक्टोबर २०१९ मध्ये बाह्यवळण रस्त्यावर सिल्क बोर्ड ते के. आर. पुरम या पट्ट्यात बसगाड्यांसाठी प्राधान्य मार्गिका आखून हा प्रयोग केला. पुढे त्याच रस्त्यावर मेट्रोचे बांधकाम सुरू झाले आणि प्रयोग मागे पडला.

दुसरा पर्याय उपनगरी रेल्वेचा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये बंगळुरूसाठी १४८ किलोमीटरच्या, चार मार्गिकांच्या उपनगरी रेल्वे प्रकल्पास मंजुरी दिली. त्यातील हीललिगे–राजानुकुंटे ही मार्गिका शहराच्या आग्नेय भागातून जाते. रेल्वेची विद्यमान जागा वापरता येत असल्याने प्रतिकिलोमीटर खर्च मेट्रोपेक्षा बराच कमी येतो. मात्र रेल्वेचा मार्ग जिथे आहे तिथेच तो राहतो. तो जयनगर किंवा सिल्क बोर्डला स्पर्श करीत नाही.

तिसरा पर्याय मेट्रोचा. केंद्राने २०१४ मध्ये मंजूर केलेल्या दुसऱ्या टप्प्यात या मार्गिकेचा समावेश झाला. प्रतिकिलोमीटर सुमारे ३७४ कोटी रुपये हा तिचा हिशेब. एवढा खर्च कशासाठी, याचे उत्तर वहनक्षमतेत आहे.

साधे गणित

राखीव मार्गिकेवर दर मिनिटाला एक बस सोडली आणि प्रत्येक बसमध्ये ६० प्रवासी धरले, तर एका दिशेने तासाला ३ हजार ६०० प्रवासी जातात. मेट्रोच्या सहा डब्यांच्या गाडीत १ हजार ५०० प्रवासी धरले आणि दर पाच मिनिटांनी गाडी सोडली, तर तासाला १८ हजार प्रवासी जातात. तेवढ्यांना बसने न्यायचे, तर तासाला ३०० बसगाड्या, म्हणजे दर १२ सेकंदांनी एक बस लागेल. होसूर रस्त्यावरील कोणत्याही चौकात हे शक्य नाही. म्हणून या मार्गासाठी मेट्रोची निवड तर्कसंगत ठरते.

परंतु गाडी दर पाच मिनिटांऐवजी दर २५ मिनिटांनी आली तर? तेव्हा तासाला सरासरी २.४ गाड्या आणि ३ हजार ६०० प्रवासी, एवढीच क्षमता उरते. म्हणजे सात हजार कोटींच्या मार्गिकेने पहिल्या दिवसांत, या गृहीतकानुसार, मिनिटाला एक बस सोडणाऱ्या राखीव मार्गिकेएवढेच काम केले. मार्ग, खांब, स्थानके सर्व तेच होते. फरक केवळ गाड्यांच्या संख्येचा होता.

गाड्यांची संख्या कशी ठरते, हेही समजण्यासारखे आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन, गाडी वळवून परत येण्यास सुमारे ७५ मिनिटे लागतात असे धरले, तर या वेळेला गाड्यांच्या संख्येने भागले की दोन गाड्यांमधील अंतर मिळते. तीन गाड्या असताना २५ मिनिटे. सप्टेंबर २०२५ मध्ये चौथी गाडी आल्यावर हे अंतर १९ मिनिटांवर आले. १ नोव्हेंबरपासून पाचवी गाडी धावू लागली आणि ते १५ मिनिटे झाले. पाच मिनिटांची सेवा हवी असेल तर १५ गाड्या हव्यात, आणि या मार्गिकेसाठी मागवलेल्या गाड्यांची संख्याही १५ आहे.

गाड्या का आल्या नाहीत?

मेट्रो महामंडळाने २०१९ मध्ये चीनच्या सीआरआरसी या कंपनीला २१६ डबे पुरवण्याचे कंत्राट दिले. त्यातील बहुतांश डबे भारतात तयार करण्याची अट होती. त्यासाठी देशात कारखाना उभारणे कंपनीला जमले नाही. पुढे पश्चिम बंगालमधील टिटागढ रेल सिस्टिम्सशी भागीदारी करून निर्मितीचा मार्ग काढण्यात आला. दरम्यान भारत–चीन संबंध ताणले गेले आणि चिनी तंत्रज्ञांच्या व्हिसाचा प्रश्नही उद्भवला. पहिली गाडी फेब्रुवारी २०२४ मध्ये बंगळुरूत पोहोचली. त्यानंतर चालकरहित संचालनासाठी आवश्यक संकेत यंत्रणेच्या चाचण्या आणि सुरक्षा आयुक्तांची तपासणी यांत आणखी काळ गेला.

तज्ज्ञांच्या भाषेत सांगायचे तर प्रकल्पाचा ‘निर्णायक मार्ग’ स्थापत्य कामातून नव्हे, तर गाड्यांच्या खरेदीतून जात होता. खांब आणि गर्डर रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतात, त्यांची प्रगती मोजली जाते, छायाचित्रे प्रसिद्ध होतात. डब्यांचे कंत्राट मात्र कागदावर अडते आणि त्याची किंमत मार्गिका पूर्ण होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

जोड आणि भाडे

मार्गिकेचे मूल्य ती कशाला जोडली आहे यावरही अवलंबून असते. आर. व्ही. रोड स्थानकावर ती जून २०१७ पासून जयनगरला सेवा देणाऱ्या हिरव्या मार्गिकेला मिळते. जयदेव रुग्णालय स्थानकावर काळेन अग्रहार–नागवार ही गुलाबी मार्गिका, तर सिल्क बोर्ड येथे विमानतळाकडे जाणारी निळी मार्गिका तिला मिळावी, असे नियोजन आहे. या तिन्ही जोडण्या चालू असतील तेव्हाच पिवळी मार्गिका एका जाळ्याचा भाग होईल. जयदेव चौकात मेट्रोसाठी जुना उड्डाणपूल पाडावा लागला. तो बांधून दोन दशकेही झाली नव्हती. रस्ते आणि रेल्वे यांची आखणी एकाच आराखड्यात न झाल्यास काय होते, याचे हे उदाहरण. त्यानंतर रागीगुड्डा ते सिल्क बोर्ड या सुमारे सव्वातीन किलोमीटरच्या पट्ट्यात एकाच खांबांवर खाली उड्डाणपूल आणि वर मेट्रो अशी दुमजली रचना करण्यात आली.

भाड्याचा प्रश्न याहून जिव्हाळ्याचा आहे. फेब्रुवारी २०२५ मधील भाडेवाढीनंतर आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र प्रवासासाठी ६० रुपये मोजावे लागतात. महिन्याला २५ दिवस जाणे-येणे धरल्यास सवलत वगळता ही रक्कम तीन हजार रुपये होते. दुसरीकडे, कर्नाटकातील महिलांना शक्ती योजनेअंतर्गत जून २०२३ पासून साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास करता येतो. संगणक कंपनीतील कर्मचाऱ्याला वाचणारा वेळ मोलाचा वाटेल. कपड्यांच्या कारखान्यातील महिला मात्र डोक्यावरून मेट्रो जात असतानाही खालच्या बसचीच वाट पाहील. बस ही मेट्रोची स्पर्धक मानून तिच्या फेऱ्या कमी केल्यास त्याचा पहिला फटका याच वर्गाला बसतो. स्थानकापर्यंत पोहोचवणाऱ्या लहान बससेवेचेही तेच.

पुढे होसूरचा प्रश्न

बोम्मसंद्रपासून तमिळनाडूतील होसूरपर्यंत सुमारे २० किलोमीटरचा विस्तार करण्याचा प्रस्ताव चर्चेत आहे. तमिळनाडूने चेन्नई मेट्रोमार्फत त्याची व्यवहार्यता तपासली. मात्र नम्मा मेट्रो ७५० व्होल्टच्या एकदिश विजेवर, रुळालगतच्या तिसऱ्या पट्टीतून चालते. चेन्नई मेट्रोत २५ हजार व्होल्टची वीज गाडीच्या वरच्या तारेतून मिळते. वेगवेगळी पद्धत स्वीकारल्यास एकच गाडी सलग धावू शकत नाही आणि राज्यसीमेजवळ प्रवाशाला गाडी बदलावी लागेल. दरम्यान होसूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाचे दुपदरीकरण सुरू आहे. लांब पल्ल्याच्या प्रवाशाला कमी खर्चात सेवा देण्याचा हाही एक मार्ग आहे. दोहोंपैकी एकच निवडण्यापेक्षा कोणता प्रवासी कुठून कुठे जातो, याची मोजणी आधी होणे महत्त्वाचे.

महाराष्ट्रासाठी हा विषय परका नाही. पुण्यात हिंजवडीच्या माणपासून शिवाजीनगरपर्यंतची २३.३ किलोमीटरची मेट्रो मार्गिकाही शहराबाहेरील माहिती-तंत्रज्ञान केंद्राला शहराच्या मध्याशी जोडण्यासाठीच आखण्यात आली. २००६ मध्ये देशातील पहिल्या जलद बस मार्गिकांपैकी एक सुरू करण्याचा अनुभवही पुण्याच्या गाठीशी आहे. अशा प्रकल्पांचे मूल्यमापन करताना किती किलोमीटर मार्ग झाला, एवढेच विचारले जाते. गाडी किती मिनिटांनी येते, ती कुठे जोडलेली आहे आणि तिचे भाडे कोणाला परवडते, हे तीन प्रश्न आर. व्ही. रोडच्या फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे आहेत.